जित्याचं कापड

“जित्याचं का मेल्याचं?”

रंगराव इंगवल्यांनी हातातलं गाठोडं ओट्यावर टेकवलं न टेकवलं तोच दौलतगीर महाराजांनी विचारलं.

“आं?”

“कापड. जित्याचं हाय का मेल्याचं?”

“दुकानातलं हाय, महाराज. नवं कोरं. अजून घडी मोडल्याली न्हाई.”

महाराजांनी मान हलवली आणि मशीनचं चाक पुन्हा फिरवायला लागले.

रंगरावांना नवल वाटलं. या मठात कापडाबद्दल कुणी काही विचारल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

घाटाच्या तोंडाशी हा गोसाव्याचा मठ. खालच्या गावांचा आणि मठाचा एक जुना रिवाज आहे. घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य उरकल्यावर त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधायचं, मठाच्या ओट्यावर आणून ठेवायचं आणि मागं वळून न बघता घरी जायचं. कुणाचं म्हणून गोसाव्यानं विचारायचं नाही, आणणाऱ्यानं सांगायचं नाही. महाराज ते धुतात, उसवतात, हातानं फिरवायच्या जुन्या काळ्या मशीनवर त्याच्या गोधड्या शिवतात. घाट चढणारे मेंढपाळ, शेवटची गाडी चुकलेला एखादा वाटसरू, असे लोक त्या पांघरून निजतात. पथ्य एकच. त्या गोधडीवर तान्हं मूल निजवायचं नाही.

“बसू का?” रंगरावांनी विचारलं.

महाराजांनी चाक थांबवलं. ओट्यावर गोधड्यांचा ढीग होता, त्यातली एखादी ओढतील असं रंगरावांना वाटलं होतं. पण महाराज उठून आत गेले आणि एक घडी घातलेली गोधडी घेऊन आले. ती त्यांनी रंगरावांसमोर दुपदरीच अंथरली.

रंगराव धोतराचा सोगा सावरून तिच्यावर ऐसपैस बसले. आपल्यासाठी आतून गोधडी आणली, हा मान त्यांना बरा वाटला. मान मिळाला की तो आपल्याला मिळायलाच हवा होता असं त्यांना नेहमीच वाटायचं.

“बोल, पाटला.”

“मशीन घ्यायची हाय. शिवायची. सस्त्यातली, पर गोधडी शिवता यील अशी. कुठली घिऊ?”

“शिवणार कोण?”

“मी.”

महाराजांनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. त्या हातांत आयुष्यभर काठी, कासरा आणि मिशीचं टोक, याखेरीज काही आलं नव्हतं. सुईत दोरा ओवायची वेळ आली की घरात बायको होती.

“कुणासाठी?”

“नातीसाठी. दुपटं शिवायचं हाय. पहिलंच शिवण हाय, त्यामुळं लई भारीतली मशीन नगं.”



रंगराव म्हणजे गावचे जुने पोलीस पाटील. त्यांचं बोलणं मध्येच तोडायची कुणाची छाती नव्हती. ट्रॅक्टर घेताना त्यांनी दुकानदाराला फारसं काही विचारलं नसेल, पण या मशीनपायी तालुक्याची सगळी दुकानं पालथी घातली होती. दुकानातली पोरं आधी हसू दाबायची आणि मग ‘आजींना कुठली आवडेल?’ असं विचारायची. आजी नाहीत, हे सांगताना रंगरावांना दर वेळी खाकरावं लागायचं.

“काय काय दावलं दुकानात?”

“एक हाय प्लास्टिकची. हलकी, पिशवीत घालून न्ह्यावी अशी. विजेवर चालती. फुलं काढती, पानं काढती, बटनाची काजं बी करती म्हणला. दुसरी पायाची. काळी, लोखंडी, कुणीतरी वापरून विकल्याली. ती नुसती सरळ शिवती.”

“प्लास्टिकच्या मशीनच्या मानंखाली हात घालून बघितलास?”

“न्हाई. कशापायी?”

“अर्धं दुपटं गुंडाळून तिथनं पलीकडं काढावं लागतंय. जागा नसली की मध्येच अडकतंय. मग आपण वढतो, मग सुई मोडती.”

रंगराव पुढं सरकले. असं चोख बोलणं त्यांना आवडायचं.

“आन् शिवून कशावर दावलं?”

“व्हती एक चिंधी. पातळशी.”

“दुकानदार पातळच दावतो. आपलं कापड घेऊन जायाचं. घडीवर घडी घालायची, जाड करायचं आन् चाक हातानं फिरवून बघायचं. सुई खाली जाऊन सरळ वर आली तर मशीन. मधीच कुथायला लागली तर खेळणं.”

“म्हंजे काळी घिऊ?”

“हलकी मशीन जाड कापडापुढं स्वतःच सरकती. वजन असलं की बूड टेकून शिवती.”

“पर प्लास्टिकच्या मशीनला गॅरंटी हाय,” रंगराव म्हणाले. दुकानदारानं पढवलेलं सगळं त्यांना अजून तोंडपाठ होतं. “आन् ती मागं बी चालती, महाराज. कळ दाबली की उलटी जाती.”

“मागं गेली की आधीचं उसवतंय?”

“उसवंल कसं? त्याच टाक्यावर टाका बसतो. जास्तीच पक्कं हुतंय म्हणला.”

“हं...”

महाराज मशीनवर वाकले. चाक फिरलं, सुई खाली-वर झाली, आणि पुन्हा थांबली.

“दुपटी बाजारात ढिगानं मिळत्यात, पाटला. विकतचं घे की.”



विकतचं त्यांनी घेतलंच होतं. मऊ, गुलाबी, कडेला ससे काढलेलं, दुकानातलं सगळ्यात भारीतलं. शेजारच्या सरूकाकीचं सांगलीला जाणं-येणं असायचं. तिच्या हातून ते लेकीकडं, वैजयंताकडं पाठवलं. सरूकाकी गेली आणि तेच दुपटं पिशवीसकट परत घेऊन आली. वर निरोप होता. ‘विकतचं आमच्याकडं पुष्कळ आहे. आईच्या हातचं असतं तर ठेवून घेतलं असतं.’

रंगरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याच वेळी सरूकाकीनं मोबाइलमधला फोटो पुढं केला. मूठभर पोर, डोळे गच्च मिटलेले, कपाळ थेट आजीचं, हौसाबाईंचं.  लेकीवर चिडायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मोबाइल परत द्यायला त्यांनी बराच वेळ लावला.

हौसाबाई तर देवाघरी जाऊन बसल्या होत्या. मग रंगरावांनी ठरवलं, आपणच शिवायचं. बारशाला बोलावणं नव्हतं. बोलावणं नसताना आजपर्यंत ते कुणाच्या दारात गेले नव्हते. पण हातात स्वतः शिवलेलं दुपटं असलं की दारात उभं राहता येईल, असा त्यांचा हिशेब होता. दुपटं पुढं करायचं. पोरगी ते घेईल, बाजूला होईल, आपण आत जाऊ. तोंडानं काही बोलावं लागणार नाही. माणूस मुकाट्यानं मोकळा व्हायला काय काय वाटा शोधतो! या पाटलांनी तर मशीन शोधली होती.

“विकतचं तिला नगं हाय,” एवढंच ते म्हणाले.

“बरं. सोड गाठोडं.”

रंगरावांनी गाठ सोडली. आत पांढऱ्या-पिवळ्या सुती कापडाच्या करकरीत घड्या होत्या. महाराजांनी एका घडीचं टोक धरून त्यांच्या हातात दिलं.

“गालाला लाव.”

“आं?”

“लाव की.”

रंगरावांनी इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कापड गालाला लावलं.

“टोचतंय?”

“खळ हाय. धुतल्यावर जाईल.”

“लेकराचं पहिलं दुपटं नव्या कापडाचं करत न्हाईत. ठावं न्हाई व्हय?”

“ठावं हाय.”

“मग जुनं का न्हाई आणलंस?”

“घरात न्हाई.”

“हौसाबाईचं?”

“ते भावकीतल्या पोराच्या हातनं तुमच्याच ओट्यावर धाडलं की. ती गेल्यावर.”

“आन् लेकीचं?”

रंगरावांनी हातातल्या कापडाची घडी घालायला घेतली. ती काही केल्या सरळ बसेना.

“लेक त्या घरात वाढली. एखादा परकर, एखादी ओढणी...”

“न्हाई.”

“काईच न्हाई?”

“न्हाई म्हणलं की!”

पाटलांचा आवाज चढला होता. महाराजांनी तो चढू दिला आणि खाली येईपर्यंत थांबले.

“मग गेलं कुठं?”

जे विसरलो असं रंगरावांना वाटत होतं, ते समोर येऊन उभं राहिलंच.

वैजयंतानं सांगलीला लग्न केलं, आपल्या मनानं, परजातीतल्या मुलाशी, तेव्हाची गोष्ट. रंगरावांनी कुणाला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. त्यांनी अंघोळ केली. जित्या लेकीच्या नावानं, भर अंगणात, चार माणसांना दिसेल अशी. हौसाबाईंनाही करायला लावली. त्या ओल्या केसांनी दगडावर बसून राहिल्या, आणि पाणी डोळ्यांवरून वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. मग रंगरावांनी पेटी उघडली, पोरीचं होतं नव्हतं ते सगळं एका चादरीत बांधलं, दिवस मावळताना इथं आणून ठेवलं आणि मागं वळून न बघता घरी गेले.

हौसाबाईंनी त्यानंतर घरात लेकीचं नाव काढलं नाही. रंगरावांना वाटलं, बायकोला पटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोचं गप्प बसणं त्यांना तेवढंच कळलं होतं.

“तुम्हांला ठावं हाय कुठं गेलं ते,” रंगराव शेवटी म्हणाले. “उगा माझ्या तोंडनं वदवून घेताय.”

“त्या वक्ताला ठावं न्हवतं, पाटला. तवा मी विचारत न्हवतो.”

“मग आता का विचारता?”

महाराजांनी सुईतला दोरा तोडला.

“हौसाबाई गेली त्या दिशी तुझी लेक आलती.”

रंगरावांनी मान खाली घातली. हे त्यांना माहीत होतं. ती येणार हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनीच वेशीवर माणसं उभी केली होती.

“परत जायाला गाडी न्हवती. हितं आली. तू बसलायस तिथंच बसली. भाकरी दिली ती खाल्ली न्हाई. थंडी लई पडल्याली. मी ढिगातली एक गोधडी काढून दिली... हाताला आली ती.”

“बरं केलंत.”

“बरं केलं का काय केलं, ते मला अजून कळलं न्हाई.”

घाटात मेंढरं वर चढत होती. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत राहिला...

“सकाळी मी बाहेर आलो. पोरगी उठून बसल्याली. गोधडी मांडीवर पसरल्याली आन् एका ठिगळावर बोट ठिवल्यालं. रडत न्हवती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.”

रंगरावांनी गाठोड्याची सुटलेली टोकं चाचपली.

“मला म्हणाली, ‘महाराज, या ओट्यावर मेलेल्यांचेच कपडे येतात ना?’ मी म्हणलं, व्हय, बाई. मला काय ठावं? मी आपलं रीत हाय ते सांगितलं.”

“मग?”

“‘मग मी कधी गेले?’ म्हणाली.”

...

  आपण केलेली अंघोळ गावानं पाहिली होती, भावकीनं पाहिली होती, चार जणांनी पाठ थोपटली होती. जिच्या नावानं केली तिनं ती पाहिली नाही, याचंच रंगरावांना आजवर बरं वाटत आलं होतं. माहेरचं दार बंद आहे एवढंच तिला कळलं असणार, असं ते धरून चालले होते.

आणि आई गेली त्याच दिवशी, आईकडं जाऊ न दिलेली ती पोर, रात्रभर आपल्याच कापडाखाली निजली होती.

“तिला... न्ह्यायची न्हवती ती गोधडी?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“मी म्हणलं, घिऊन जा बाई, तुझंच हाय. तर म्हणाली, ‘मेलेल्याचं घरी नेत नाहीत, महाराज.’ हातानं साफ केली, घडी घातली, ठिवली, आन् गेली. तवापासनं मी विचारतो. जित्याचं का मेल्याचं.”

“कुठं हाय?”

“काय?”

“ती गोधडी. कुठं हाय ती?”

“तू बसलायस की तिच्यावर.”

रंगराव चटका बसल्यासारखे उठले. उठताना तोल गेला, भिंतीला हात लावला. मग खाली बसले, जमिनीवर, आणि गोधडीची घडी उलगडली.

मधोमध जांभळा परकर होता. पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशाचं निळं चौकड्याचं कापड. खाली पिवळं झबलं, विटून पांढुरकं झालेलं. ते रंगरावांनीच जत्रेत घेतलं होतं. पोरीला खांद्यावर बसवून आणलं होतं, आणि तिनं सगळ्या वाटेत त्यांचा पटका धरून ठेवला होता, पडेल म्हणून.

लेकीनं हे सकाळच्या अंधुक उजेडात ओळखलं होतं. बाप भर दिवसा त्याच्यावर बसून मशीनचा भाव सांगत होता. रंगरावांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. ती लपवायची कशी हेही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी हात फिरवला. कापड मऊ होतं. इतकं मऊ कापड त्यांना तालुक्याच्या एकाही दुकानात मिळालं नव्हतं.

“महाराज, हे द्या मला.”

महाराजांनी दोऱ्याचं रीळ उचललं.

“हे उसवतो मी. माझ्या हातानं. टाका न् टाका काढतो. तिचंच कापड हाय. जुनं हाय, मऊ हाय. ह्याचंच दुपटं शिवतो.” ते भराभरा बोलत होते. कधी नव्हे ते त्यांच्या बोलण्यात विनवणी आली होती. “काळी मशीन घेतो. न्हाईतर प्लास्टिकची घेतो. तुम्ही म्हणाल ती घेतो. बारसं जवळ आलंय...”

बोलता बोलता त्यांनी एका टाक्यात नख घातलं. टाका निघेना. महाराज पक्का टाका घालायचे. मग त्यांनी जोर लावला. टाका तसाच राहिला आणि परकराचं जुनं कापड मात्र टरकन फाटलं.

रंगराव फाटलेल्या जागेकडं बघत राहिले.

महाराजांनी मशीनशेजारची कात्री उचलली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

“उसव. पर एक सांग, पाटला... मेल्याचं कापड लेकराच्या अंगावर घालशील?”

“मेल्याचं?” रंगरावांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि ते ओरडले. एवढे मोठ्यानं की घाटातला मेंढपाळ थांबून मठाकडं बघायला लागला.

“मेल्याचं कुठलं, महाराज? ती जिती हाय! माझी वैजू जिती हाय!”

आवाज समोरच्या डोंगरापर्यंत गेला असेल. परत आला नाही. रंगराव धापा टाकत होते, आणि ते फाटकं ठिगळ त्यांनी दोन्ही हातांनी झाकून धरलं होतं, पोराच्या अंगावर पांघरूण धरावं तसं.

महाराजांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं. सुईत ओवलं. मशीनच्या चाकावर हात ठेवला, पण चाक फिरवलं नाही...

“मला कशाला सांगतोस?”